दादाच्या नाचाचं नाव

एका बुधवारी संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या मुलीला नाचाच्या वर्गाला सोडायला आले, दारातला फळा वाचला आणि मुलीचा हात धरून आल्या पावली परत गेले. फळ्यावर लिहिलं होतं, ‘खोली तीन – लॉकिंग – सहा ते सात’. सहा ते सात खोलीला कुलूप असणार तर थांबायचं कशाला, असा त्यांचा सरळ विचार. दुसऱ्या दिवशी खरा प्रकार कळल्यावर ते तणतणत ऑफिसात आले. फळा लिहिणाऱ्या काकूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि लॉकिंग हा एक नाच आहे, असं समजावून सांगितलं. चालता चालता अंग एकदम थिजवायचं, कुणीतरी किल्ली फिरवल्यासारखं, आणि मग पुन्हा सैल सोडायचं. गृहस्थ काकूंकडे असे बघत राहिले, की काकू आता उठून करूनच दाखवतात की काय.

काकूंनी करून दाखवलं नाही. त्या कधीच काही करून दाखवत नसत. एकोणतीस वर्षं त्या या केंद्राच्या ऑफिसात होत्या. तळमजल्यावर मोठा हॉल, वर दोन मजल्यांवर पाच खोल्या, जिन्याखाली ऑफिस. किल्ल्यांची पाटी, वर्गांची नोंदवही, विसरलेल्या छत्र्या आणि पाण्याच्या बाटल्या, हे सगळं त्यांच्या ताब्यात. आणि रोज सकाळी फळा पुसून नव्यानं लिहायचा. त्यांचं अक्षर इतकं रेखीव, की केंद्रात कुणाला त्यांचं खरं नाव आठवत नसे. सगळ्यांच्या तोंडी ‘फळाकाकू’.

पूर्वी फळा लिहिणं म्हणजे डाव्या हातचा मळ होता. शिवण, टायपिंग, चित्रकला, ज्येष्ठांचा व्यायाम. वाचणाऱ्याला कळायचं, लिहिणारीलाही कळायचं. मग वरच्या खोल्यांमध्ये नाचाचे वर्ग आले आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी नावांची वरात आली. ‘खोली दोन – ब्रेकिंग’ लिहिलं त्या दिवशी दुरुस्ती खात्याचा माणूस पेटी घेऊन वर गेला आणि काय मोडलंय म्हणून विचारू लागला. तिथं एक मुलगा डोक्यावर उभा राहून गरगर फिरत होता. माणसानं पेटी खाली ठेवली आणि वर्ग संपेपर्यंत बघत बसला. ‘हाऊस’ लिहिलं तेव्हा दोन बायका खोली भाड्यानं द्यायची आहे का, हे विचारून गेल्या.

लॉकिंगच्या प्रकरणानंतर काकूंनी ठरवलं, की अर्थ ठाऊक नसलेला शब्द फळ्यावर चढवायचा नाही. त्यांनी एक वही घातली. शब्द सांगायला नाच शिकवणारी मुलगी होतीच. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, काटकुळी, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढणारी. तिची मुलं तिला स्प्रिंग म्हणत, आणि महिन्याभरात काकूही म्हणू लागल्या. वर्गाआधी स्प्रिंग ऑफिसच्या दाराला टेकून उभी राहायची आणि काकू एकेक शब्द विचारायच्या. शब्दकोशाचा काही उपयोग नव्हता. त्यात पॉपिंग म्हणजे लाही फुटणं आणि सायफर म्हणजे शून्य. स्प्रिंगनं सांगितलं, सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि एकेकानं मध्ये येऊन नाचायचं, तो गोल म्हणजे सायफर. काकू म्हणाल्या, म्हणजे शून्यच की. स्प्रिंगला हे इतकं आवडलं, की तिनं ते वर जाऊन मुलांना सांगितलं.

वहीत काकूंनी आपल्या शब्दांत लिहून ठेवलं होतं. पॉपिंग: स्नायू आवळून लगेच सोडायचा, अंगातून वीज गेल्यासारखं दिसतं. क्रंपिंग: भांडण चाललंय असं वाटतं, भांडण नसतं. वॅकिंग: सगळं काम हातांचं, खांद्यामागून पुढे. एकदा त्यांनी फळ्यावर नुसतं ‘आफ्रिकन डान्स’ लिहिलं, तर स्प्रिंग खाली येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं म्हणणं, आफ्रिका म्हणजे काय एक गल्ली आहे? तिथं देशागणिक नाच वेगळा, शहरागणिक वेगळा. ‘युरोपियन डान्स’ असं लिहून चाललं असतं का? काकूंना ते पटलं. तेव्हापासून वहीत त्या नावांसाठी वेगळी पानं झाली. कुडुरो: कंबर आणि गुडघे, फार वेगात. अझोंटो: रोजची कामं नाचात, कपडे धुणं, गाडी चालवणं. पँट्सुला: पाय जमिनीला जेमतेम टेकतात, अंगात कापडी बूट आणि टोपी. ‘अंगात’ खोडून त्यांनी नंतर ‘पायात’ केलं होतं. टोपीचं काय करावं ते सुचलं नव्हतं.

केंद्रातल्या लोकांना वाटायचं, काकूंना कामाची भारीच कळकळ. ते खोटं नव्हतं. पण वहीमागचं कारण निराळं होतं, आणि ते त्यांनी स्प्रिंगलाच काय, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी एका मंगळवारी त्या किल्ल्या टांगत होत्या. वरून खोली तीनमधून आवाज आला. दोन थापा, मग एक थाप, मग टाच. पुन्हा दोन थापा. काकूंच्या हातातली किल्ली तशीच हातात राहिली. त्या जिना चढून दाराच्या काचेशी गेल्या. आत मुलं मांड्यांवर थापा मारत अंग मोकळं करत होती. हुबेहूब तसं नव्हतं. पण पंचेचाळीस वर्षांत त्या आवाजाच्या इतकं जवळ दुसरं काही आलं नव्हतं. वर्ग संपल्यावर त्यांनी स्प्रिंगला विचारलं, याला काय म्हणतात? स्प्रिंग म्हणाली, याला काहीच म्हणत नाहीत, असंच कुठंतरी पाहिलेलं. कुठं ते तिला आठवत नव्हतं.

काकूंचा दादा त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मालवाहू बोटीवर खलाशी होता. वर्ष-दीड वर्षानं रजेवर घरी यायचा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, घरातच, पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल मांडून. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर बशीत मोहरीएवढे स्क्रू. त्या घरात चमचासुद्धा खाली ठेवताना कुणी जपून ठेवी. त्या घरात दादा कुठल्याशा बंदरातून गुडघ्यापर्यंत येणारे काळे रबरी बूट घेऊन आला.

मागच्या बोळात तो ते बूट चढवायचा, कमरेत वाकायचा, आणि सुरू व्हायचा. बुटावर दोन थापा, घोट्याच्या आतल्या अंगाला एक, मग टाच, मग टाळी, मग दुसरा पाय. रबराचा तो भरीव आवाज बोळाच्या दोन्ही भिंतींवरून परत यायचा. अकरा वर्षांची बहीण उपड्या बादलीवर बसून डोळे फाडून बघायची. तिला तो ‘बटण’ म्हणायचा, कारण ती ठेंगणी आणि गोल होती. त्यानं तिलाही शिकवलं. तिला बूट नव्हते, म्हणून ती शाळेच्या बुटांत, उघड्या पायांवर थापा मारायची आणि नडग्या लाल करून घ्यायची. नाचाला काय म्हणतात, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, नाव मोठं आहे, तुझ्या तोंडात मावायचं नाही, पुढच्या रजेत सांगतो.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात घर करून राहिली. दर वेळी एका ठरावीक जागी येऊन दादा थांबायचा. वाकलेलाच, उजवा हात बुटावर अधांतरी, मान किंचित तिरकी. दोन श्वास तसाच. मग हसून सरळ व्हायचा आणि घाम पुसायचा. “विसरलास ना?” ती विचारायची. तो म्हणायचा, “हो गं, विसरलो.”

त्या रजेत, एका दुपारी, टाच जरा जोरात पडली. पुढच्या खोलीत वडिलांच्या चिमट्यातून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं नाजूक चाक उडालं. तिघांनी जमिनीवर ओणवं होऊन ते शोधलं. सापडलं नाही. वडिलांनी आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. डोळ्यावरचं भिंग काढून ते एवढंच म्हणाले, “तुझ्या पायांना हे घर पुरत नसेल तर मोठं घर बघ.”

रजेचे वीस दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पिशवी घेऊन निघाला. वडिलांना वाटलं, पोरगं फिरून जेवायला येईल. त्या दिवशी ते दुपारी तीन वाजेपर्यंत जेवले नाहीत आणि भूक नाही असं सांगत राहिले. चाक आठ दिवसांनी फरशीच्या फटीत बहिणीला सापडलं. तिनं ते वडिलांपुढे धरलं, तर ते म्हणाले, “ठेव तिथं.”

चार वर्षं पत्रं आली. छोटी, हवापाण्याची. शेवटची दोन आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका बंदरातून, खलाशांच्या वसतिगृहाच्या पत्त्यावरून. मग तीही थांबली. बोटीच्या कंपनीनं कळवलं, की सदर इसम आपल्या मर्जीनं बंदरात उतरला, पुढचा ठावठिकाणा माहीत नाही. वडिलांनी ते पत्र घडी करून टेबलाच्या खणात टाकलं आणि घरात दादाचं नाव निघेनासं झालं. पण बोळात कुणाचं पाऊल वाजलं की म्हातारा भिंग वर उचलायचा. शेवटपर्यंत उचलायचा. मुलीचं लग्न झालं, संसार झाला, आईवडील गेले, आणि न उच्चारायची सवय तिच्याही अंगवळणी पडली. नवऱ्याला एवढंच ठाऊक होतं, की एक भाऊ होता, बोटीवर गेला.

मंगळवारच्या त्या थापांनी काकूंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. दादानं सांगतो म्हटलेलं नाव कुठंतरी असणारच. नाचांच्या नावांची इतकी रीघ लागली आहे, ती सगळी गोळा केली तर त्यात तेही सापडेल. माणूस हाती लागत नाही, निदान त्याच्या नाचाचं नाव तरी लागावं. उठून दोन थापा मारून दाखवल्या असत्या तर काम सोपं होतं, हे त्यांना कळत होतं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी, अर्ध्या वयाच्या मुलीसमोर, ऑफिसात. त्यांना ते जमेना. एकदा त्यांनी आडून विचारलं, की बुटांवर थापा मारून नाचतात असं काही असतं का? स्प्रिंगनं फोनवर कुठल्याशा थंड देशातली माणसं दाखवली, कातडी उंच बूट घातलेली, छाती काढून ताठ उभी. काकू नाही म्हणाल्या. दादा वाकलेला असायचा.

वहीची पानं भरत गेली. नाव येईना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पावलं त्यांच्या डोक्यात चालायची आणि त्याच जागी येऊन अडायची.

मग एका सोमवारी स्प्रिंगनं फळ्यासाठी चिठ्ठी दिली. बाहेरून एक शिक्षिका येणार होत्या, तीन दिवस, मोठ्या हॉलमध्ये. काकूंनी खडू घेतला आणि चिठ्ठी बघून उतरवायला सुरुवात केली. ‘पाहुण्या शिक्षिका – पँट्सुला आणि गमबूट’. गमबूटमधला ‘ट’ लिहिताना त्यांचा हात थांबला. त्यांनी स्प्रिंगला हाक मारून विचारलं. स्प्रिंग म्हणाली, अहो, ते रबरी बूट असतात ना, गुडघ्यापर्यंतचे, ते घालून नाचतात, बुटावर थापा मारत. तिला स्वतःलाही फारसं ठाऊक नव्हतं, एका शिबिरात नुसतं ऐकलेलं होतं.

काकू स्टुलावर बसल्या. दीड वर्षं त्या नाव शोधत होत्या आणि ते दादाच्या पायातच होतं. त्यांना हसू आलं, आणि ते हसू काही नीट पार पडलं नाही. स्प्रिंगनं घाबरून पाणी आणलं. खडूची धूळ घशात गेली, असं काकूंनी सांगितलं.

पाहुण्या बाई काकूंच्याच वयाच्या निघाल्या. रुंद खांद्यांच्या, केस बारीक कापलेले, बोलणं सावकाश. त्यांचे वडील आफ्रिकेच्या दक्षिणेकडे खाणीत कामाला होते. पहिले दोन दिवस काकू हॉलच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दर वेळी पाचव्या मिनिटाला ऑफिसात परत आल्या. वीस जोड्या बुटांचा तो आवाज त्यांना सहन होत नव्हता आणि सोडवतही नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत पाहुण्या बाई ऑफिसात येऊन बसल्या, कारण केंद्रात पाठ टेकायला धड खुर्ची तेवढी एकच होती. त्यांनी बूट काढून कपाटाशी ठेवले आणि पायांची बोटं मोकळी केली. स्प्रिंग चहा घेऊन आली. काकू नोंदवही उघडून बसल्या होत्या, पण डोळे बुटांवर. शेवटी त्यांनी वही मिटली, उठून दार लावलं, आणि स्प्रिंगला म्हणाल्या, “मी काही करते. हसू नकोस. यांना विचार, हे बरोबर आहे का.”

त्या कमरेत वाकल्या. चपलांतच, साध्या उघड्या नडग्यांवर. दोन थापा, आत एक, टाच, टाळी, दुसरा पाय. गुडघ्यानं कुरकुर केली. हात मात्र अकरा वर्षांच्या मुलीचे असल्यासारखे आपोआप चालत होते. आणि त्या जागेवर त्या थांबल्या, उजवा हात अधांतरी, मान तिरकी.

पाहुण्या बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. हे कुठं शिकलात, असं त्यांनी विचारलं. काकूंनी आपल्या तुटक्या इंग्रजीत आणि उरलेलं स्प्रिंगच्या तोंडून सांगितलं, की भावाकडून, तो बोटीवर होता. बाईंनी मान हलवली. गोदीतली माणसंही हे नाचायची, त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील म्हणायचे, की खाणीत बोलायला बंदी असायची, तेव्हा अंधारात माणसं बुटांवर थापा मारून एकमेकांना निरोप द्यायची, त्यातून हे आलं. जुनं नाव इसिकाथुलो. त्याचा अर्थही बूटच.

काकूंनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मोठं होतं खरं.

मग बाईंनी विचारलं, “तुम्ही इथं का थांबलात?”

“तो थांबायचा. पुढचं विसरायचा.”

“विसरला नव्हता,” बाई म्हणाल्या. स्प्रिंग एकेक वाक्य हळू आवाजात सांगत होती. “हा एकट्याचा नाच नाही. माणसं ओळीत असतात. पुढे एक जण असतो, तो हाक देतो. इथं हाक यायची असते. ती आल्याशिवाय ओळ हलत नाही. तुमचा भाऊ ओळीतला माणूस होता. तो हाकेची वाट बघत थांबायचा.”

बाईंनी बूट पुन्हा चढवले, काकूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि पहिल्यापासून करा म्हणाल्या. दोघी बरोबर वाकल्या. थापा, टाच, टाळी, दुसरा पाय, ती जागा. बाईंनी छातीतून एक आखूड हाक काढली आणि त्या पुढे निघाल्या. एका पायावर अर्धी गिरकी, हात पाठीमागून टाचेवर, चार थापा चढत्या वेगानं, दोन्ही पाय एकदम जमिनीवर. आठ मोजेपर्यंत सगळं संपलं. काकूंना त्यातलं काहीही येत नव्हतं. त्या वाकलेल्याच राहून मान वर करून बघत होत्या.

हे दादाला येत होतं. बोळात तो रोज इथपर्यंत यायचा आणि पुढचं त्याच्या अंगात तयार असायचं. बादलीवर बसलेल्या मुलीनं नुसतं ‘हं’ म्हटलं असतं, तरी ते बाहेर आलं असतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. हसून विसरलो म्हणाला होता. आजवर काकूंना वाटत आलं होतं, की दादाला घराची ओढ होती आणि घरानं त्याला ठेवून घेतलं नाही. आता पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की घरात असतानाही तो कुणाची तरी आठवण काढत होता. दूर कुठल्या बंदरात एक ओळ होती, तिच्यात त्याची जागा होती, आणि बोळात एकटा वाकून तो तिकडची हाक ऐकू येते का ते बघायचा.

बाईंना त्यांनी दादाचं नाव लिहून दिलं. बाईंनी कागद घेतला, पण खोटी आशा लावली नाही. गोद्यांत हजारो माणसं आली आणि गेली, त्या म्हणाल्या, आणि इतकी वर्षं झाली. जाताना त्यांनी काकूंचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

घरी काकूंचे यजमान गॅलरीत कुंड्यांची माती उकरत होते. ते निवृत्त बसचालक. बोलणं बेताचं, आयुष्यभर आरशातून मागचं बघायची सवय असल्यामुळे बायकोचा चेहरा एका नजरेत वाचणारे. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. काकूंनीच सांगायला सुरुवात केली, उभ्या उभ्या, पिशवी खांद्यावर तशीच. बूट, बोळ, चाक, तीन वाजेपर्यंत न जेवलेले वडील. सगळं सांगून झालं तेव्हा चहा दोनदा गार झाला होता. यजमानांनी हात धुतले आणि पुसत पुसत विचारलं, “उंचीला केवढा होता?”

बत्तीस वर्षांच्या संसारात दादाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. काकूंनी दाराच्या चौकटीवर हात ठेवून दाखवलं, एवढा. यजमानांनी तिथं बघितलं आणि म्हणाले, “आता सत्तरीचा असेल गं. थोडा वाकला असेल.”

काकूंना हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांचा दादा तेवीस वर्षांचाच राहिला होता. त्यांनी हात चौकटीवरून बोटभर खाली घेतला.

पुढच्या आठवड्यात त्या हत्यारं-अवजारांच्या दुकानात गेल्या आणि रबरी बूट मागितले. नळकामासाठी हवेत की बागेसाठी, असं दुकानदारानं विचारलं. नाचासाठी, काकू म्हणाल्या. दुकानदारानं चार जोड काढून ठेवले आणि पुढे काही विचारायचं धाडस केलं नाही. पाहुण्या बाईंकडून तीन दिवसांत शिकलेल्याच्या जोरावर स्प्रिंगनं रविवारी सकाळी नऊला वर्ग सुरू केला होता. फळा काकूच लिहितात, ‘मोठा हॉल – गमबूट’, आणि मग हात झटकून आत जातात. अकरा जण आहेत. सगळ्यात मोठ्या काकू, त्यांच्याखालचा माणूस चौतीस वर्षांचा. जाड मोजे घातले नाहीत तर बूट पोटऱ्यांना घासतात. गिरकी अजून जमत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा त्या शेजारणीवर आपटल्या. स्प्रिंग पुढे उभी राहून हाक देते. हाकेआधी ओळ थांबते तेव्हा अकराही जण गप्प असतात, आणि तेवढे दोन श्वास काकूंना फार लांब वाटतात.

त्यांनी पत्रही लिहिलं. वडिलांच्या खणातली दादाची ती शेवटची दोन पत्रं त्यांच्याकडे होती. त्यावरचाच वसतिगृहाचा पत्ता, तोच जुना. पाच ओळी, इंग्रजीत, स्प्रिंगकडून चुका तपासून घेतलेल्या. अमुक नावाचा खलाशी होता, त्याची बहीण विचारते आहे, ती आता गमबूट नाचते.

ते पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. टपालवाला केंद्रात रोज अकराच्या सुमारास येतो. काकू त्या वेळी जिन्याखालून बाहेर येऊन फळ्यापाशी काहीतरी पुसत असतात. पाच महिने झाल्यावर यजमान म्हणाले, की इमारत पडली असेल, किंवा पत्र कुणाच्या टेबलावर पडून असेल. काकू म्हणाल्या, पडून असेल तर चांगलंच आहे, कुणीतरी कधीतरी उघडेल.

गेल्या रविवारी वर्गाहून आल्यावर त्यांनी दुसरं पत्र लिहायला घेतलं. या वेळी मराठीत, आणि वसतिगृहाला नाही, सरळ दादाला. गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल लिहिलं, पुढच्या वर्षी येणाऱ्या निवृत्तीबद्दल, डाव्या गुडघ्याबद्दल. वडील कसे गेले ते लिहिलं, त्या जागी थोडं अडखळायला झालं. मग स्प्रिंगबद्दल लिहिलं आणि लॉकिंगची गंमत लिहिली. यजमानांनी कुंड्यांना पाणी घालता घालता आत डोकावून पाहिलं आणि दिवा लावून दिला. पत्र चार पानी झालं. पाकिटावर पत्ता तोच घातला.